ई-वन लाइनचा क्लॉक कोणाचा?

गेल्या महिन्यात पीथमपूरच्या एका कारखान्याचे कार्यालय जुन्या शेडमधून समोरच्या नव्या इमारतीत हलले आणि त्याबरोबर त्यांना इंदूरच्या मुख्य कार्यालयाशी जोडणारी ई-वन लाइनही (फोन आणि डेटा दोन्ही वाहून नेणारी, टेलिफोन कंपनीकडून घेतलेली डिजिटल लाइन) हलवायची होती. जुना राउटर थकला होता, म्हणून त्याच्या जागी दुसरा बसवायचे ठरले. आमच्याकडे नव्याने रुजू झालेल्या एका तरुण सहकाऱ्याला मी त्या कामावर पाठवले. दुपारी तीनच्या सुमारास त्याचा फोन आला.

"सर, लाइन उचलली. इंटरफेस अप आहे, प्रोटोकॉलही अप आहे. निघू का?"

"क्लॉक कुठून घेतला आहेस?"

"ते बघितलं नाही, सर. डिफॉल्ट जे असेल तेच असेल."

त्याला मी आणखी तासभर तिथेच थांबून दर पंधरा मिनिटांनी कंट्रोलरचे, म्हणजे राउटरमधल्या ई-वन सांभाळणाऱ्या भागाचे, चुका मोजणारे काउंटर पाहायला सांगितले. चूक त्याची नव्हती. त्याची सगळी उमेदवारी इथरनेटवर झाली आहे आणि इथरनेटमध्ये हा प्रश्न कधी समोर येतच नाही. तिथे प्रत्येक कार्डाचा क्लॉक, म्हणजे बिटांचा ताल ठरवणारे घड्याळ, आपापल्या स्फटिकावर चालतो, दोन फ्रेमांच्या (बिटांच्या गठ्ठ्यांच्या) मध्ये थोडी मोकळी जागा असते आणि दोन्ही टोकांच्या क्लॉकमधला किरकोळ फरक त्या जागेत मुरून जातो. ई-वन लाइनवर मोकळी जागा नसते. तुमच्याकडे पाठवण्यासारखे काही असो वा नसो, बिटांची धार अखंड वाहत असते, आणि म्हणून ती धार कोणाच्या तालावर वाहते हे आधी ठरवावे लागते. इंदुरात आम्ही कामावर दिवसभर हिंदी बोलतो, पुस्तिका इंग्रजीत वाचतो. पण हा विषय मला समजला तो मराठीत, एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या तोंडून, आणि तो मराठीतच लिहून ठेवावा असे बरेच दिवस मनात होते.

ई-वनचे आकडे एकदा समजून घेतले की पाठ करावे लागत नाहीत. माणसाच्या बोलण्यातल्या सुमारे ४ किलोहर्ट्झपर्यंतच्या लहरी टिपायच्या तर सेकंदाला ८,००० नमुने घ्यावे लागतात. प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणजे एका संभाषणाला सेकंदाला ६४ किलोबिट. आवाजाचे असे आकड्यांत रूपांतर करण्याची कल्पना अॅलेक रीव्हज या ब्रिटिश अभियंत्याने १९३७ मध्ये मांडली होती, पण ती टेलिफोनच्या रोजच्या वापरात यायला १९६२ साल उजाडले. त्या वर्षी अमेरिकेत टी-वन ही २४ संभाषणांची लाइन सुरू झाली. युरोपने पुढे ३२ टाइमस्लॉटांची, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या ३२ कप्प्यांची, ई-वन स्वीकारली आणि भारतात आपण तीच वापरतो. ३२ गुणिले ६४ म्हणजे सेकंदाला २,०४८ किलोबिट. एका फ्रेममध्ये ३२ टाइमस्लॉटांचे २५६ बिट असतात आणि ती फ्रेम बरोबर १२५ मायक्रोसेकंदांत पार होते. हा १२५चा आकडा लक्षात ठेवावा; पुढे तोच कामाला येणार आहे.

टी-वन आणि ई-वन यांतला फरक केवळ इतिहासाचा नाही. इंटरनेटवर सापडणारी बहुतेक तयार कॉन्फिगरेशन अमेरिकेतली असतात. त्यांत फ्रेमिंग (फ्रेम कुठे सुरू होते ते ओळखायची पद्धत) ईएसएफ आणि लाइनकोड (बिट तारेवर ठोक्यांत मांडायची पद्धत) बी-८-झेड-एस लिहिलेले असते, आणि आपल्याकडची मुले तेच उचलून चिकटवायला जातात. आपल्या लाइनला एचडीबी-३ लाइनकोड लागतो आणि फ्रेमिंग एकतर सीआरसी-४ (चुका पकडणारी तपासणी) असलेले असते किंवा सीआरसी-४ नसलेले. सिस्को या राउटर बनवणाऱ्या कंपनीच्या ज्या कार्डांवर दोन्ही प्रकार चालतात, तिथे 'कार्ड टाइप' ही आज्ञा सर्वांत आधी द्यावी लागते, नाहीतर कंट्रोलर दिसतच नाही. आणि एकदा दिलेला प्रकार बदलायचा झाला तर राउटर पुन्हा सुरू करावा लागतो. चालू राउटरवर ही चूक झाली तर बाकीच्या लाइनींनाही तिचा फटका बसतो, म्हणून ही एक ओळ लिहिताना घाई करू नये.

त्यानंतर 'कंट्रोलर ई-वन'मध्ये शिरून फ्रेमिंग, लाइनकोड, क्लॉक आणि 'चॅनल-ग्रुप' (डेटाला कोणते टाइमस्लॉट द्यायचे ती यादी) एवढ्या चार गोष्टी लिहायच्या असतात. चॅनल-ग्रुप लिहिला की त्याच्या नावाचा सीरियल इंटरफेस आपोआप तयार होतो आणि पत्ता, एनकॅप्सुलेशन (डेटा गुंडाळून पाठवायची पद्धत) वगैरे त्यावर द्यायचे. यातली टाइमस्लॉटांची बाब बारकाईने पाहावी. शून्य क्रमांकाचा टाइमस्लॉट फ्रेमची खूण सांभाळतो, म्हणून डेटाला १ ते ३१ मिळतात आणि वेग १,९८४ किलोबिट होतो. काही ठिकाणी मात्र सेवा देणारी कंपनी सोळावा टाइमस्लॉट सिग्नलिंगसाठी राखून ठेवते आणि त्यांच्या बाजूला १ ते १५ व १७ ते ३१ असे लिहिलेले असते. तुम्ही १ ते ३१ लिहिलेत तर कंट्रोलर हिरवा दिसतो, अलार्म एकही नसतो, आणि प्रोटोकॉल काही केल्या वर येत नाही. अशा वेळी माणसे केबल बदलत बसतात. वास्तविक एक फोन पुरतो : "तुमच्याकडे किती टाइमस्लॉट उघडले आहेत, आणि सोळावा त्यात आहे का?"

एनकॅप्सुलेशनबद्दल माझे मत ठाम आहे. दोन्ही टोकांना एकाच कंपनीचे राउटर असले तरी मी पीपीपी हा सर्व कंपन्यांना चालणारा प्रकारच लिहितो. सिस्कोचा एचडीएलसी हा त्यांचा स्वतःचा प्रकार आहे, आणि उद्या पलीकडच्या टोकाला दुसऱ्या कंपनीचा राउटर आला तर लाइन का उठत नाही याचा शोध रात्री अकरा वाजता घ्यावा लागतो. एचडीएलसीचा एक उपयोग मात्र मी मुद्दाम करून घेतो : लूप देऊन, म्हणजे पाठवलेले आपल्याकडेच परत वळवून, तपासताना तात्पुरते एचडीएलसी ठेवले तर इंटरफेस 'अप' आणि त्यापुढे 'लूप्ड' असे स्पष्ट सांगतो. आपणच पाठवलेला कीपअलाइव्ह (लाइन जिवंत आहे का हे पाहण्यासाठी ठराविक वेळाने जाणारा छोटा संदेश) आपल्यालाच परत मिळाल्याचे त्याला ओळखता येते, आणि तेवढी लाइन शाबूत आहे हे एका नजरेत कळते.

माझ्या पिशवीत त्यासाठी एक छोटा प्लग कायम असतो. राउटरच्या आरजे-४८ सॉकेटमध्ये १ आणि २ या पिनांवर सिग्नल आत येतो आणि ४ आणि ५ वरून बाहेर जातो. एका जुन्या कनेक्टरमध्ये १ची तार ४ला आणि २ची ५ला जोडली की लूप प्लग तयार झाला. तो पोर्टमध्ये घातल्यावर अलार्म गेला तर राउटर निर्दोष. मग मोडेमच्या बाजूने लूप घ्यायचा, मग एक्स्चेंजला सांगून त्यांच्याकडून, असे एकेक पाऊल पुढे सरकायचे. बाहेरून सारखी दिसते म्हणून इथरनेटची क्रॉस केबल इथे वापरू नये. तिच्यात १-२ आणि ३-६ या जोड्यांची अदलाबदल असते, आणि ई-वनला अदलाबदल हवी ती १-२ आणि ४-५ यांची. तसेच, मोडेमच्या मागे गोल बीएनसी कनेक्टर असतील तर ती ७५ ओहमची बाजू आहे आणि राउटरची वळलेल्या तारांची बाजू १२० ओहमची. मध्ये बॅलन, म्हणजे या दोन बाजू जुळवणारा छोटा जोड, लागतो. तो न लावताही कधी कधी लाइन चालते, आणि हेच वाईट आहे, कारण मग एरर कुठून येतात ते सापडत नाही.

अलार्म वाचणे ही मात्र खरी विद्या आहे, आणि ती नीट शिकली तर निम्मा प्रवास वाचतो. 'लॉस ऑफ सिग्नल' म्हणजे तारेवर काहीच येत नाही : केबल, पिना किंवा बंद पडलेला मोडेम. 'लॉस ऑफ फ्रेम' म्हणजे सिग्नल येतो आहे, पण त्यातली फ्रेमची खूण जुळत नाही. इथे फ्रेमिंग तपासायचे, किंवा समोरचा अनफ्रेम्ड लाइन देऊन बसला आहे का ते विचारायचे. 'एआयएस' आला तर तुमच्या केबलला हात लावू नका. मधल्या एखाद्या उपकरणाला पलीकडून काही मिळेनासे झाले आहे आणि ते नुसते एकामागून एक १ पाठवून तुम्हाला कळवते आहे की बिघाड माझ्याही पलीकडे आहे. आणि 'रिमोट अलार्म' दिसला तर अर्थ असा की तुम्हाला त्यांचे ऐकू येते, त्यांना तुमचे ऐकू येत नाही. तेव्हा तुमच्याकडून बाहेर जाणारी जोडी तपासायची. पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरले की आमच्याकडे सर्वांत जास्त दिसतो तो हाच, कारण दोन जोड्यांपैकी एकच भिजलेली असते.

आता क्लॉक. लाइनकोड असो, शून्याचा टाइमस्लॉट असो, या सगळ्यांची धडपड वेळ सांभाळण्यासाठीच चाललेली असते. एचडीबी-३ हा प्रकार जन्मला तोच मुळी लागोपाठ चार शून्ये आली की तिथे मुद्दाम एक ठोका घालण्यासाठी, कारण ठोकेच आले नाहीत तर समोरच्याला वेग कळणार कशावरून?

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. याच कारखान्याची याच मार्गावरची लाइन मी लावली होती. एका ई-वनमधले काही टाइमस्लॉट डेटाला दिले होते आणि उरलेले राउटरमधूनच दोन्हीकडच्या ईपीएबीएक्सना, म्हणजे कार्यालयाच्या आतल्या टेलिफोन एक्स्चेंजना. लाइन पहिल्याच दिवशी वर आली, सगळे आनंदात होते. तिसऱ्या दिवशी तक्रार आली की फोनवर मध्येच 'टक्' असा आवाज येतो आणि फॅक्स नीट जात नाहीत : पानावर आडवा पट्टा उमटतो, किंवा अर्ध्यातच फॅक्स तुटतो. मी केबल बदलली, मोडेम बदलला, शेवटी कार्डही बदलले. सेवा देणाऱ्या कंपनीच्या माणसाने पीथमपूरला लूप देऊन इंदूरहून रात्रभर एरर मोजणारा मीटर लावला. सकाळी त्याने मला शून्य एररची पट्टी दाखवली. तो खोटे बोलत नव्हता, आणि तरी तक्रारही खरी होती. तीन आठवडे असे गेले.

मग आमच्या कार्यालयातल्या एका काकांनी, जे टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन आमच्याकडे आले होते, मला 'शो कंट्रोलर्स' या आज्ञेने मिळणारे २४ तासांचे तक्ते छापून आणायला सांगितले. राउटर दर पंधरा मिनिटांची नोंद वेगळी ठेवतो, म्हणजे दिवसभराच्या ९६ नोंदी. काकांनी चष्मा लावला आणि पेन्सिलीने फक्त एकाच रकान्याखाली रेघ ओढत गेले : स्लिप सेकंद. ३६, ३६, ३५, ३६, ३६. दुपारच्या उन्हात तेच, पहाटे तेच.

"अरे, केबल खराब असती तर हा आकडा उन्हापावसाबरोबर हलला असता," ते म्हणाले. "हा हलतच नाही. तुझी लाइन ठणठणीत आहे. तुझ्याकडे दोन घड्याळं आहेत."

त्यांनी तिथेच हिशेब मांडला. पंधरा मिनिटे म्हणजे ९०० सेकंद. ९०० भागिले ३६ म्हणजे दर २५ सेकंदांनी एक स्लिप. एक स्लिप म्हणजे एक पूर्ण फ्रेम गळली किंवा दोनदा वाचली गेली, म्हणजे १२५ मायक्रोसेकंदांचा फरक साचला. २५ सेकंदांत १२५ मायक्रोसेकंद, तर सेकंदाला ५ मायक्रोसेकंद. दोन्ही राउटरांचे स्फटिक एकमेकांपासून दहा लाखांत पाच भागांनी वेगळे धावत होते. ई-वनला प्रमाणानुसार दहा लाखांत ५० भाग इकडे-तिकडे व्हायची मुभा आहे, म्हणजे दोन्ही राउटर आपापल्या परीने निर्दोष होते. मी दोन्ही टोकांना 'क्लॉक सोर्स इंटर्नल', म्हणजे क्लॉक आपल्या आतलाच, असे लिहिले होते, एवढेच. डेटाच्या एखाद्या पॅकेटचा बळी गेला तर तो पुन्हा पाठवला जातो, कोणाला पत्ताही लागत नाही. पण फॅक्सचे एक पान जायला मिनिटभर लागत असेल तर त्या मिनिटात दोन-तीन ठोकर ठरलेल्या.

आणि मीटरला काही का दिसले नाही? कारण लूप दिल्यावर मीटरने आपल्याच क्लॉकने पाठवलेले आपल्यालाच परत मिळत होते. लूपमध्ये दुसरे घड्याळच उरत नाही. तेव्हापासून लूपवरची शून्य एररची पट्टी मला कोणी दाखवली की मी ती तारेचे प्रमाणपत्र म्हणून घेतो, क्लॉकचे म्हणून नाही.

काका म्हणाले, लग्नात पाहुण्यांच्या मनगटांवर पन्नास घड्याळे असतात, पण अक्षता पडतात त्या गुरुजींच्या घड्याळावर. लाइनवर गुरुजी कोण, हे कागदावर आधी लिही. आम्ही चित्र काढले. इंदूरच्या ईपीएबीएक्सला टेलिफोन कंपनीची पीआरआय लाइन (एकाच वेळी अनेक संभाषणे वाहणारी डिजिटल फोन लाइन) येत होती आणि तिच्याबरोबर कंपनीच्या जाळ्याचा क्लॉक येत होता. अशा जाळ्यांचे मूळ क्लॉक इतके अचूक असतात की प्रमाणात बसणाऱ्या अगदी वेगळ्या दोन जाळ्यांमध्येही सुमारे ७२ दिवसांनी एखादी स्लिप व्हावी. म्हणजे गुरुजी तिथे आधीच बसलेले होते. आम्हीच त्यांना विचारले नव्हते. मग इंदूरच्या राउटरने आपला क्लॉक ईपीएबीएक्सच्या पोर्टवरून घ्यायचा आणि तोच पीथमपूरकडे पाठवायचा. पीथमपूरच्या राउटरने तो लाइनवरून घ्यायचा आणि आपल्या ईपीएबीएक्सला द्यायचा. साखळीत प्रत्येकाने एकाकडून घ्यायचे आणि पुढच्याला द्यायचे. दुसऱ्या दिवशीच्या ९६ नोंदींत स्लिपच्या रकान्यात ९६ शून्ये होती, आणि तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

इथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण 'एक टोक इंटर्नल, एक टोक लाइन' हा नियम सरसकट लावला तरी चूक होते. मधले जाळे एसडीएचचे (टेलिफोन कंपन्यांचे अनेक लाइनी एकत्र वाहणारे मोठे जाळे) असेल आणि तुमची ई-वन त्यातून जशीच्या तशी जात असेल तर जाळे तुमच्या क्लॉकला हात लावत नाही. तुम्ही पाठवलेला ताल पलीकडे तसाच निघतो. तिथे गुरुजी तुम्हालाच नेमावे लागतात. दोन्ही टोकांना 'लाइन' लिहिले तर दोघेही एकमेकांकडे बघत राहतात आणि वेग हळूहळू कुठल्या कुठे सरकतो. पण मध्ये टाइमस्लॉट वेगळे करून जोडणारे क्रॉस-कनेक्ट असेल, जसे ते ६४ किलोबिटच्या पटीतल्या लाइनींना असतेच, तर ते यंत्र दोन्ही बाजूंना जाळ्याचाच क्लॉक देते आणि तिथे दोन्ही टोकांना 'लाइन' हेच बरोबर. म्हणून लाइन घेताना विचारायचा प्रश्न असा : "मध्ये टाइमस्लॉट उघडले जातात का, की ई-वन सरळ जाते?"

मोडेमपासून राउटरपर्यंत व्ही ३५ प्रकारच्या केबलने येणाऱ्या लाइनींचा प्रश्न सोपा आहे. तिथे मोडेम डीसीई, म्हणजे क्लॉक देणारी बाजू, असतो आणि क्लॉक तोच देतो. 'शो कंट्रोलर्स'मध्ये जाणारा आणि येणारा असे दोन्ही क्लॉक सापडल्याची ओळ दिसली की झाले.

आता पुन्हा त्या दुपारकडे येतो. तासाभराने सहकाऱ्याने पुन्हा फोन केला. इंदूरकडून येणाऱ्या पोर्टवर चारही नोंदींत शून्य होते, कारण डिफॉल्ट 'लाइन' होते आणि त्या टोकाला तेच हवे होते. ईपीएबीएक्सच्या पोर्टवर मात्र स्लिप चढत होत्या. तो म्हणाला, "सर, पहिला पोर्ट लाइनवर आहे, दुसरा इंटर्नल आहे. साखळी तर बरोबर आहे ना?" साखळी बरोबर होती, पण कागदावर. जुन्या राउटरच्या कार्डात एका पोर्टचा क्लॉक दुसऱ्याला मिळत होता. या राउटरमध्ये मात्र राउटरच्या आतल्या मुख्य क्लॉकने कार्डावरचा क्लॉक घ्यावा असे त्याला वेगळे सांगावे लागते. 'नेटवर्क-क्लॉक-पार्टिसिपेट' आणि 'नेटवर्क-क्लॉक-सिलेक्ट' या दोन ओळी नसतील तर राउटर मधल्यामध्ये आपला स्वतःचा ताल धरतो. मी त्याला ओळी सांगितल्या, त्याने लिहिल्या, काउंटर पुसले आणि आम्ही दोघेही फोन न ठेवता पुढची पंधरा मिनिटे थांबलो. नोंद पूर्ण झाली आणि त्याने वाचून दाखवले : स्लिप सेकंद, शून्य.

निघताना त्याला मी जुन्या शेडमधल्या रिकाम्या रॅककडे जाऊन यायला सांगितले. त्याच्या आतल्या बाजूला काकांच्या अक्षरातली एक चिठ्ठी मी वीस वर्षांपूर्वी चिकटवली होती. ती निघाली नाही, कडेने फाटली, म्हणून त्याने तिचा फोटो काढला आणि नव्या रॅकवर स्वतःच्या हाताने तीच ओळ लिहून लावली : "क्लॉक इंदूरकडून. पीआरआय – ईपीएबीएक्स – राउटर – लाइन." खाली त्याने एक ओळ स्वतःची घातली : "आतला क्लॉक पोर्ट शून्यावरून, दोन ओळी आहेत, काढू नयेत."